किबानातलं डेटा रिटेन्शन हाताने कसं टेस्ट करायचं, 30 दिवस न थांबता

अरे, तुझा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहिते, म्हणजे दुसरं कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या लूमचा डेटा, म्हणजे पिक काउंट (आडवे धागे किती पडले ते), मशीन बंद पडल्याच्या वेळा, धागा तुटल्याचे अलार्म, हे सगळं तुमची टीम इलास्टिकसर्चमध्ये, म्हणजे डेटा साठवून शोधायच्या सिस्टीममध्ये, टाकते आणि किबानातून, म्हणजे तिच्या स्क्रीनवरून, बघते. आता जुना डेटा आपोआप गेला पाहिजे असं ठरलंय, डेव्हलपरने पॉलिसी, म्हणजे डेटा किती दिवस ठेवायचा (रिटेन्शन) याचा नियम, बनवून दिलीय आणि टेस्टिंग तुझ्या गळ्यात पडलंय. तू विचारलंस की ताई, 30 दिवसांनी डिलीट होणार असेल तर मी महिनाभर बसून राहायचं का, आणि ऑटोमेशन नसताना स्क्रीनवर नक्की काय काय तपासायचं.

महिनाभर बसायचं काही कारण नाही. पण त्याआधी एक सांगते, कारण बहुतेक टेस्टर इथंच फसतात. ते फॉर्म टेस्ट करतात. नाव टाकलं, दिवस टाकले, सेव्ह मारलं, हिरवा मेसेज आला, पास. अरे पण तो फॉर्म फक्त सूचना लिहून ठेवतो, खरं काम सर्व्हर मागच्या बाजूला करतो, कुणी बघत नसताना, आणि डेटा उडतो तो तिथं. म्हणून तुझी टेस्ट पॉलिसीच्या बाजूने नको, इंडेक्सच्या, म्हणजे नोंदी ज्या पेटीत साठतात तिच्या, बाजूने पाहिजे. प्रत्येक केसला स्वतःला एकच विचारायचं, या इंडेक्सला आत्ता स्वतःचं वय किती वाटतंय आणि ते कुठून मोजलंय.

पहिल्यांदा तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते बघ, कारण दोन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि स्क्रीनवर त्या एकमेकांत मिसळलेल्या दिसतात. जुनी म्हणजे इंडेक्स लाइफसायकल मॅनेजमेंट, सगळे आयएलएम म्हणतात, तिच्यात हॉट, वॉर्म, कोल्ड, फ्रोझन आणि डिलीट असे टप्पे असतात. नवी म्हणजे डेटा स्ट्रीम लाइफसायकल (डेटा स्ट्रीम म्हणजे एका नावाखाली ओळीने बनत जाणारी इंडेक्स), ती इलास्टिकसर्च 8.14 पासून पक्की झाली, तिच्यात टप्पेबिप्पे काही नाहीत, किती दिवस ठेवायचं तेवढं सांगायचं, बाकी ती बघून घेते. एकाच डेटा स्ट्रीमवर दोन्ही लावले तर डिफॉल्टने आयएलएम जिंकतं, आणि हीच तुझी पहिली केस आहे. दोन्ही लाव आणि बघ, डेटा स्ट्रीम्सच्या टॅबमध्ये रिटेन्शनच्या रकान्यात आकडा काय दिसतोय आणि प्रत्यक्षात कोण चालवतंय. जो आकडा लागूच होत नाही तो ठळक दिसत असेल तर कारखान्यातला माणूस त्याच्यावरच विश्वास ठेवणार, म्हणजे तो बगच धर.

आता वेळेचं. आयएलएम सतत जागं नसतं, डिफॉल्टने दर 10 मिनिटांनी उठतं, सगळ्या इंडेक्सवरून एक नजर फिरवतं आणि ज्याची वेळ झालीय त्याला पुढं ढकलतं. डेटा स्ट्रीम लाइफसायकल दर 5 मिनिटांनी. त्यामुळे तू डिलीटला 2 मिनिटं दिलीस आणि तिसऱ्या मिनिटाला "फीचर चालत नाही" म्हणून तिकीट टाकलंस तर डेव्हलपर ते परत पाठवणार आणि त्याचं बरोबर असणार. डेव्ह टूल्समध्ये, म्हणजे किबानातल्या कमांड द्यायच्या जागी, जा, क्लस्टर (इलास्टिकसर्चचे सगळे सर्व्हर मिळून) सेटिंगमध्ये इंडिसेस.लाइफसायकल.पोल_इंटरव्हल ला 10 सेकंद दे. डेटा स्ट्रीमवाल्यासाठी वेगळी सेटिंग आहे, डेटा_स्ट्रीम्स.लाइफसायकल.पोल_इंटरव्हल, एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. आणि हे फक्त स्वतःच्या टेस्ट क्लस्टरवर करायचं, टीमच्या सामायिक क्लस्टरवर केलंस तर सगळ्यांच्याच पॉलिसी दर 10 सेकंदांनी तपासल्या जायला लागतील. काम झालं की सेटिंगला नल देऊन मूळ जागी आणायची, टेस्ट केसची शेवटची पायरी म्हणून ते लिहूनच ठेव.

कुणीतरी तुला सांगेल की मशीनची तारीखच पुढं ढकल की. नको. सर्टिफिकेट, लॉगिन टोकन, बाकीच्या सर्व्हिसेस सगळं बिघडतं, आणि मग जे फेल झालं ते फीचरमुळे की घड्याळामुळे हे कळायला मार्ग राहत नाही. त्यापेक्षा आयएलएममध्ये इंडेक्सवर टाकायची एक सेटिंग आहे, इंडेक्स.लाइफसायकल.ओरिजिनेशन_डेट, तिच्यात मिलिसेकंदात जुनी तारीख टाकायची, की ते इंडेक्स स्वतःला तेवढं म्हातारं समजायला लागतं. 31 दिवसांपूर्वीची तारीख टाक, खरी 30 दिवसांची पॉलिसी लाव, पुढच्या फेरीत काय होतंय बघ. मिनिटांची खोटी पॉलिसी बनवून चाचणी घेणं वेगळं आणि प्रॉडक्शनला जाणारी खरी पॉलिसी तशीच्या तशी तपासणं वेगळं, दोन्ही पाहिजेत. दुसरी केली नाहीस तर 30 च्या पुढं दिवस निवडलेत की तास निवडलेत हे कुणी बघितलेलंच नसतं.

एक फेरी जवळून दाखवते, ही तू आज संध्याकाळीच करू शकतोस. पॉलिसीत हॉटमध्ये रोलओव्हर, म्हणजे चालू इंडेक्समध्ये लिहिणं थांबवून नव्यात सुरू करणं, ठेव, अट 5 डॉक्युमेंट, म्हणजे 5 नोंदी, वयाची नि साइजची अट काढून टाक. डिलीटला 3 मिनिटं. टेम्प्लेट, म्हणजे नव्या स्ट्रीमसाठीचा साचा, बनव, डेटा स्ट्रीम चालू कर, नाव समजा लूम-लॉग. डेव्ह टूल्समधून 4 डॉक्युमेंट टाक, रिफ्रेश मार. रिफ्रेश (ब्राउझरचा नाही, इंडेक्सचा) विसरू नकोस, शेवटच्या रिफ्रेशनंतर आलेली डॉक्युमेंट रोलओव्हरच्या मोजणीत धरली जात नाहीत, आणि माणूस उगाच गोंधळतो. आता आयएलएमची एक्सप्लेन कमांड चालव, इंडेक्स कुठल्या टप्प्यात आहे ते ती सांगते. फेज हॉट, अ‍ॅक्शन रोलओव्हर, स्टेप चेक-रोलओव्हर-रेडी, म्हणजे ते वाट बघत बसलंय. एक मिनिट थांब, काही घडता कामा नये, हे काही न घडणं पण टेस्टच आहे, लिहून ठेव. मग पाचवं डॉक्युमेंट टाक, रिफ्रेश मार, 10-20 सेकंदांत दुसरं इंडेक्स तयार होतं, शेवटी 000002 असलेलं. पहिल्याच्या एक्सप्लेनमध्ये आता स्टेप कम्प्लीट दिसेल, आणि एज बघ, ते शून्याच्या जवळ आलेलं असेल. ही जागा नीट बघ. इंडेक्स बनून चांगली 10 मिनिटं झाली असतील, पण डिलीटसाठीचं वय रोलओव्हर झाल्या क्षणापासून नव्याने मोजलं जातं. तिथून 3 मिनिटं झाली की पहिलं इंडेक्स अख्खं जातं, त्यातली पाचही डॉक्युमेंट एकदम, एकेक करून नाही.

हे सगळं किबानाच्या स्क्रीनवर बघायचं तर इंडेक्स मॅनेजमेंटमध्ये हिडन इंडेक्स दाखवायचं बटण चालू करावं लागतं, कारण डेटा स्ट्रीमच्या आतली इंडेक्स लपवलेली असतात, डॉट डीएसने सुरू होणारी. नाहीतर डेटा स्ट्रीमच्या ओळीत इंडेक्सचा जो आकडा असतो त्याच्यावर क्लिक कर. आता स्क्रीन आणि एक्सप्लेन शेजारी शेजारी उघडून जुळव. स्क्रीन जुनं दाखवतेय आणि रिलोड केल्यावरच बरोबर होतंय असं असेल तर ते पण नोंदव, फक्त ते डेटाचं नाही, डिस्प्लेचं तिकीट आहे, दोन्ही एकत्र करू नकोस.

आता यातून जो हिशोब निघतो तो मालकांना सांगायचाय, आणि माझ्या मते तुझ्या सगळ्या रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. पॉलिसीत रोलओव्हर 30 दिवस आणि डिलीट 30 दिवस लिहिलं तर डेटा 30 दिवस राहत नाही. इंडेक्स उघडल्या दिवशी आलेली नोंद 30 दिवस त्या उघड्या इंडेक्समध्ये, मग रोलओव्हर झाल्यावर अजून 30, म्हणजे जवळपास 60 दिवस राहते. डेटा स्ट्रीम लाइफसायकलमध्ये पण हेच आहे, फक्त रोलओव्हर तू ठरवत नाहीस, ते रिटेन्शनवरून आपोआप ठरतं. रिटेन्शन 1 दिवस किंवा कमी असेल तर दर तासाला, 14 दिवसांपर्यंत दर दिवसाला, 90 दिवसांपर्यंत दर 7 दिवसांनी आणि त्याच्या पुढं दर 30 दिवसांनी, अर्थात प्रायमरी शार्ड (इंडेक्सचा एक तुकडा) 50 जीबीचा झाला तर त्याआधीच. म्हणजे तू 30 दिवस लिहिलंस तर सगळ्यात जुनी नोंद 37 दिवसांची असू शकते आणि 180 लिहिलंस तर 210 ची.

180 मुद्दाम घेतलं. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, 28 एप्रिल 2022 ला जे निर्देश काढले त्यात आयटी सिस्टीमचे लॉग 180 दिवस ठेवायला आणि ते भारतातच ठेवायला सांगितलंय. तिथं जास्त राहिलं तर चालतं, कमी राहिलं तर चालत नाही, आणि रिटेन्शनचा आकडा हा किमान आहे म्हणून त्या बाजूने तू सुरक्षित आहेस. पण उलटी गोष्ट पण असते की. कामगारांचे हजेरीचे पंच, नावं, फोन नंबर असं काही त्याच स्ट्रीममध्ये येत असेल आणि कुणीतरी लिहून दिलं असेल की 30 दिवसांनंतर आमच्याकडे काहीही राहत नाही, तर ते वाक्य खोटं ठरतं. म्हणून टेस्ट केसमध्ये अपेक्षित निकाल लिहिताना "30 दिवसांनी डिलीट" असं मोघम लिहू नकोस, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असे दोन आकडे लिही, आणि ते दोन्ही आकडे ज्याने मागणी केलीय त्याच्याकडून होय म्हणवून घे.

याला लागूनच अजून एक. डेटा स्ट्रीममध्ये प्रत्येक डॉक्युमेंटला टाइमस्टॅम्प असतो, आणि सगळ्यांना वाटतं रिटेन्शन त्याच्यावरून चालतं. साध्या डेटा स्ट्रीममध्ये तसं नाही, इंडेक्सचं वय बघितलं जातं, आतल्या नोंदीचं नाही. लाइट गेली किंवा नेट तुटलं की लूमजवळचा गेटवे डेटा साठवून ठेवतो आणि लाइन आली की एकदम ढकलतो, तुमच्याकडे हे होतच असणार. मग मुद्दाम 40 दिवस जुना टाइमस्टॅम्प असलेली नोंद आज टाकून बघ, ती लगेच उडणार नाही, आजच्या इंडेक्सबरोबर जगेल. डॅशबोर्डवर तारीख मागं नेली की तेवढीच एकटी नोंद दिसेल, आणि सुपरवायझर म्हणेल बाकीचा डेटा कुठं गेला. हे फीचरचं चुकलेलं नाही, पण रिपोर्टमध्ये आलंच पाहिजे.

उघड्या इंडेक्सचं पण बघ, म्हणजे ज्यात सध्या लिहिणं चालू आहे ते. ते सहसा डिलीट होत नाही. आयएलएममध्ये रोलओव्हर न ठेवता नुसता डिलीट टप्पा ठेवलास आणि ते इंडेक्स डेटा स्ट्रीमचं रायटिंगचं इंडेक्स असेल, आणि स्ट्रीममध्ये अजून इंडेक्स असतील, तर ते एररमध्ये जाऊन बसतं, तसं स्वच्छ लिहिलेलं असतं एक्सप्लेनमध्ये; ते एकटंच असेल तर मात्र अख्खी डेटा स्ट्रीमच उडते. कारखान्याला आठवडाभर सुट्टी असते, गड्ड्याच्या यात्रेत कितीतरी ठिकाणी काम मंदावतं, तेव्हा नवी नोंद नाही आली तर काय? रिकाम्या इंडेक्सचा रोलओव्हर आताच्या व्हर्जनमध्ये डिफॉल्टने होत नाही. म्हणजे शून्य डॉक्युमेंटची एक केस आणि एकच डॉक्युमेंट असलेली एक केस, दोन्ही घे.

पॉलिसी बदलणं हा वेगळा डोकेदुखीचा भाग आहे आणि इथं वेळ घाल. डेटा स्ट्रीम लाइफसायकलमध्ये रिटेन्शन 90 वरून 7 केलंस तर ते जुन्या सगळ्या इंडेक्सला लागू होतं, आणि पुढच्या फेरीत मागचा डेटा साफ. स्क्रीन त्या आधी तुला सावध करते का, किती स्पष्ट शब्दांत, रद्द केलं तर खरंच काही बदललं नाही ना, हे बघ. टेम्प्लेटमध्ये बदललंस तर मात्र चालू असलेल्या स्ट्रीमला काही होत नाही, नव्या बनणाऱ्यांनाच लागतं, आणि लोक तिथं बदल करून बिनधास्त झोपतात. आयएलएममध्ये अजून तिसरंच, जे इंडेक्स एखाद्या टप्प्यात शिरलंय त्याच्याजवळ त्या टप्प्याची प्रत असते, तू त्याच टप्प्यात नवी अ‍ॅक्शन जोडलीस तर त्याला कळत नाही, पुढच्या टप्प्यात गेल्यावर ते नवी पॉलिसी वाचतं. एक्सप्लेनमध्ये फेज एक्झिक्युशनच्या खाली व्हर्जनचा आकडा असतो, बदलाच्या आधी आणि नंतर तो टिपून ठेव, वाद झाला तर तोच पुरावा.

परवानग्या. आयएलएम जे काही करतं ते पॉलिसी शेवटची सेव्ह करणाऱ्या युजरच्या अधिकारात करतं, आणि ते पण सेव्ह करताना त्याला जे अधिकार होते तेवढेच. म्हणून असा युजर बनव ज्याला मॅनेज_आयएलएम आहे पण लूम-लॉगवर काहीच अधिकार नाही, त्याच्याकडून पॉलिसी उघडून नुसती सेव्ह करून घे, आणि मग बघ पुढची पायरी अडते का, अडली तर इंडेक्स मॅनेजमेंटमध्ये ते ठसठशीत दिसतं का. दुसरा युजर फक्त रीड_आयएलएमवाला, त्याला सेव्हचं बटण दिसतंय का आणि दाबलं तर काय मेसेज येतो. एरर आलेल्या इंडेक्सला स्क्रीनवरूनच रिट्राय करता येतं, ते कारण दुरुस्त न करता दाबून बघ आणि दुरुस्त करून दाबून बघ.

फॉर्म मी शेवटी ठेवला कारण तो सोपा आहे, पण सोडू नकोस. रिकामं, शून्य, उणे, दशांश, खूप मोठा आकडा हे तू करशीलच. आपल्याकडचं एक कर, मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाक आणि फॉर्म ते नाकारतो की गपचूप रिकामं धरतो ते बघ. पॉलिसीचं नाव मराठीत दे. नावाला 255 बाइटची मर्यादा आहे, अक्षरांची नाही, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, काना मात्रा वेगळे धरून, म्हणजे 85 चिन्हांतच मर्यादा संपते. 85 आणि 86 अशा दोन केस. अंडरस्कोरने सुरू होणारं नाव, स्वल्पविराम, स्पेस, हे नाकारलं गेलं पाहिजे. टप्प्यांच्या वेळेत एकक मिसळ, वॉर्मला 2 दिवस आणि कोल्डला 36 तास, फॉर्मने अडवायला पाहिजे कारण 36 तास कमी आहेत, नुसता 36 हा आकडा 2 पेक्षा मोठा म्हणून पुढं जाऊ दिलं तर बग.

पहाटे 5:30 च्या आधी एकदा तरी रोलओव्हर करून बघ. डेटा स्ट्रीमच्या इंडेक्सच्या नावातली तारीख यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेची, असते, त्यामुळे आपल्याकडे 15 तारीख लागलेली असली तरी नावात 14 येतं. बग नाही, पण नावावरून वय मोजणारी एखादी स्क्रिप्ट कुणी लिहिली असेल तर ती इथं चुकेल.

आणि जे जायला नको ते गेलं नाही ना, याच्या केस तुझ्या यादीत निम्म्या तरी पाहिजेत. सेम प्रीफिक्सचं एक इंडेक्स मुद्दाम बनव, लूम-लॉग-ऑडिट सारखं, टेम्प्लेटचा पॅटर्न लूम-लॉगच्या पुढं स्टार असा असेल तर हे बिचारं पण त्यात सापडतं. त्यात ओळखीची 10 डॉक्युमेंट टाकून ठेव आणि प्रत्येक फेरीनंतर मोज. किबानातून गेलेलं इंडेक्स परत आणायला बटण नाही, स्नॅपशॉट, म्हणजे बॅकअप, असेल तरच येतं, म्हणून डिलीट टप्प्यात स्नॅपशॉटची वाट बघायचा पर्याय आहे तो लावून आणि स्नॅपशॉट मुद्दाम न घेता टेस्ट कर, इंडेक्स थांबून राहिलं पाहिजे. कुणी आयएलएमच बंद करून ठेवलं असेल तरी पॉलिसीच्या यादीत सगळं छान दिसतं, आणि डिस्क भरत जाते, 95 टक्क्याला इंडेक्सवर लिहिणंच बंद होतं. स्टेटस कमांड रोज सुरुवातीला चालवत जा.

तुमच्याकडे एकच नोड, म्हणजे एकच सर्व्हर, असेल तर इंडेक्स पिवळं दिसेल, रेप्लिका (इंडेक्सची जादा प्रत) ठेवायला दुसरा नोड नाही म्हणून, ते तिकीट टाकू नकोस. फ्रोझनसाठी एंटरप्राइझ लायसन्स लागतं, 30 दिवसांची ट्रायल चालू करून बघता येतं, पण लूमच्या डेटाला ते लागेल असं मला वाटत नाही, तिथं वेळ घालवू नकोस.

क्लायंट उद्या ओपनसर्चवर, म्हणजे इलास्टिकसर्चमधूनच फुटून निघालेल्या सिस्टीमवर, जायचं म्हणाला तर हीच केस शीट तशीच चालणार नाही. तिथं इंडेक्स स्टेट मॅनेजमेंट आहे, डिफॉल्ट फेरी 5 मिनिटांची, आणि वयाच्या अटी दोन वेगळ्या, एक इंडेक्स बनल्यापासूनची आणि एक रोलओव्हरपासूनची, कोणती लावलीय ते पॉलिसीत वाचावंच लागतं. पॉलिसी बदलली तरी आधीपासून जोडलेल्या इंडेक्सना ती आपोआप लागत नाही, वेगळी कमांड द्यावी लागते.

तिकीट टाकताना इलास्टिकसर्च नि किबानाचं व्हर्जन, पोल इंटरव्हल किती होता, पॉलिसीचं जेसन (तिचा मूळ मजकूर), घटनेच्या आधीचा आणि नंतरचा एक्सप्लेन, आणि वेळ यूटीसी आणि आपली दोन्ही, एवढं जोड. स्क्रीनशॉट एकटा देऊ नकोस. तुझ्या पॉलिसीचं जेसन मला पाठव, त्यात रोलओव्हर किती दिवसांचा ठेवलाय ते बघून किमान आणि कमाल आकडे मी काढून देते.